तेराव्या वचनानंतर चौदावंही आहे : पॅस्टोरेट कमिट्यांना खुलं पत्र

गावोगावच्या मंडळ्यांचे सेक्रेटरी, खजिनदार आणि पॅस्टोरेट कमिटीचे सर्व सभासद यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी एका रिटायर्ड पाळकाची बायको. नगर जिल्ह्यात आणि आसपास आमच्या सहा बदल्या झाल्या, 31 वर्षं पाळकांच्या बंगल्यात काढली. बंगला हा शब्द मिशनच्या काळापासून आपल्या तोंडात बसलाय म्हणून. नाहीतर दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी याला कोणी बंगला म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात एका पॅस्टोरेटच्या, म्हणजे एका पाळकाकडे सोपवलेल्या मंडळ्यांच्या, सभेला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. तिथं नवे पाळक आलेत. तिशीतला मुलगा, पदरात दीड वर्षाचं लेकरू. विषय संपले, चहा आला, तेवढ्यात त्याची बायको दाराशी येऊन उभी राहिली. स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय म्हणाली, शेगडी रोज इकडून तिकडे सरकवावी लागते. मग जरा थांबून, खाली बघत, तीन महिन्यांच्या पगाराचं विचारलं. एक वडीलधारे सभासद होते, माणूस वाईट नाही, त्यांनी अगदी मायेनं उत्तर दिलं, “बाई, प्रभूच्या सामर्थ्यावर विसंबा. तो पाहील.” दोघातिघांनी आमेन म्हटलं. मिनिट बुक मिटलं, शेवटची प्रार्थना झाली.

मी तिच्या मागोमाग आत गेले. ओट्यावर एक पातेलं ठेवलेलं होतं आणि वरून त्यात थेंब पडत होता. पातेल्यात तिनं जुना फडका घालून ठेवला होता. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, “टपटप आवाज होतो ना आई, बाळ उठतं.”

त्या फडक्यापायी हे पत्र लिहायला बसले.

आधीच सांगते, “प्रभूच्या सामर्थ्यावर विसंबा” हे वाक्य खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. मी त्याच वाक्यावर जगले. ते नसतं तर आमचा संसार तिसऱ्या बदलीतच मोडला असता. पण 31 वर्षांत ते मी दोन प्रकारे ऐकलं. ओझ्याखाली वाकलेला माणूस ते स्वतःशी पुटपुटतो तेव्हा ती साक्ष असते. ओझ्याशेजारी हात मागे बांधून उभा असलेला माणूस तेच वाक्य त्याला ऐकवतो तेव्हा तो निरोप असतो, या आता, असा. शब्द तेच. मी दोन्ही ऐकलेत, आणि लाज वाटते पण लिहिते, दुसऱ्या प्रकारे मी ते म्हटलंही आहे. आमच्या मंडळीतली एक बायबल बाई, घरोघर जाऊन वचन सांगणारी, एकदा दुपारी माझ्याकडे येऊन रडली, मुलगा दारू पितो, घरातलं विकतो म्हणून. मी म्हटलं, “प्रभूवर टाक.” तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी आत गेले. बाहेर आले तर ती निघून गेली होती. पायरीवर तिनं प्यालेला पाण्याचा तांब्या तेवढा होता.

2021 च्या एप्रिल-मेमधलं सांगते. दुसरी लाट सगळ्यांनीच पाहिली, कोणाला नव्यानं सांगायला नको. पण पाळकाच्या घरातून ती कशी दिसली ते कमिटीत कधी कोणी विचारलं नाही. कबर खोदायला माणूस मिळेना, म्हणून जेसीबी आणायचे. घरचे दोघं-तिघं लांब उभे. आमचे हे पांढऱ्या किटमध्ये, चष्म्यावर वाफ धरलेली, उपासनेचं पुस्तक वाचता येईना म्हणून पाठ होतं तेवढं म्हणायचे. “मातीला माती” एवढं म्हणून मूठभर माती टाकायची तर हातात रबरी मोजे. तीन आठवड्यांत अकरा जणांना त्यांनी मातीआड केलं. त्यातल्या चौघांचा बाप्तिस्मा त्यांनीच केलेला होता, एकाचं लग्न आदल्याच वर्षी लावलं होतं.

घरी आले की मागच्या बाजूला तीन विटांवर पाणी तापवलेलं असायचं. कपडे साबणाच्या बादलीत, अंघोळ उघड्यावर, मगच आत. आठव्या की नवव्या दिवशी अंघोळ करून ते तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिले. जेवण गार झालं. मी बाहेर गेले तर म्हणाले, “मला प्रार्थना येईना.” करावीशी वाटत नाही असं म्हणाले नाहीत. येईना म्हणाले, पाढा विसरलेलं पोर म्हणतं तसं.

माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. मी पाळक नाही, सेमिनरीत गेलेली नाही. मी शेजारी बसले आणि लहानपणी आईनं शिकवली तशी प्रभूची प्रार्थना एकटीच म्हणायला लागले. “आमची रोजची भाकर आज आम्हांस दे” इथपर्यंत आले तेव्हा त्यांचा आवाज त्यात मिसळला. बारीक, पण मिसळला. पुढची प्रार्थना दोघांनी मिळून पुरी केली आणि मग त्यांनी खरंच भाकर खाल्ली, कांद्याबरोबर, तिथंच बसून. सकाळी सहाला फोन वाजला. आणखी एक. ते उठले, किट घातलं, गेले.

ते बळ कुठून आलं, ते मला विचाराल तर मी देवाचं नाव घेईन. दुसरं कोणाचं घेऊ? रात्री जो माणूस उठून उभा राहू शकत नव्हता तो सकाळी गाडीला किक मारून गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही सभेत सामर्थ्य म्हणता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती ओली फरशी येते. ते सामर्थ्य फार मोठ्या आवाजात आलं नव्हतं. एका दिवसापुरतं आलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागावं लागलं, रानात इस्राएल लोकांना रोजच्या रोज मिळणाऱ्या मान्न्यासारखं. साठवायला गेलं की त्यात किडे पडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पण गोष्ट इथं संपत नाही. लाट ओसरली आणि यांचं शरीर बसलं. रात्र-रात्र झोप नाही. प्रभुभोजनाचा प्याला उचलताना हात थरथरायचा, पुढच्या बाकावरच्यांना दिसायचा. त्याच काळात कमिटीच्या एका सभेत ठराव झाला: पाळकसाहेबांनी वैयक्तिक प्रार्थनेत अधिक वेळ द्यावा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. शेवटी मीच त्यांना तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे, औषधानं बरं होतं, लाजायचं कारण नाही. तरी गोळ्यांची पाकिटं हे बायबलच्या पिशवीत तळाशी ठेवायचे, कोणाला दिसू नयेत म्हणून. मंडळीत कळलंच. मंडळीत काय लपतं? “पाळकालाच गोळ्या लागतात, मग आपण कोणाकडं बघायचं?” असं एक जण नळावर बोलला.

पौलाबरोबर कोण हिंडत होता ते कलस्सैकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात वाचा: प्रिय वैद्य लूक. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलानं उपासतापास सांगितला नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणाला. आणि स्वतः पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनवणी करूनही निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, हे उत्तर काटा तसाच असताना मिळालेलं आहे. काटा दिसला की विश्वास कमी, हा हिशेब पौलाच्या कोणत्या पत्रात आहे तो मला कोणी दाखवावा. ज्या मिशनऱ्यांनी आपल्याला शुभवर्तमान दिलं त्यांनीच दवाखाने दिले. वॉनलेस डॉक्टरांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला तो काय प्रार्थना कमी पडली म्हणून?

आपल्याला आपल्या इतिहासाचा फार अभिमान, वर्धापनदिनाला हटकून सांगतो. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 ला मुंबईत उतरले. 1826 च्या मार्चमध्ये ते नाशिककडे गेले होते, तिथं पटकीची साथ होती. परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकी झाली आणि एका देवळाच्या ओसरीत त्यांनी प्राण सोडला. वय 41. आपण ही गोष्ट बलिदानाची म्हणून सांगतो, ती तशी आहेच. पण मला त्यात औषधाची पिशवी दिसते. जवळचं औषध ते नाशिकच्या रोग्यांना वाटून मोकळे झाले होते, स्वतःवर वेळ आली तेव्हा पिशवीत काही उरलं नव्हतं. “प्रभू पाहील” म्हणून तो माणूस रोग्यांच्या दारावरून पुढे गेला नाही.

पंडिता रमाबाईंचंही तेच. देवावर भिस्त ठेवावी तर रमाबाईंसारखी, असं प्रत्येक महिला मेळाव्यात कोणीतरी म्हणतं. दुष्काळानं ज्यांचे आईबाप नेले, 1882 ला नवरा गेला, त्या बाईनं 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली उचलून आणल्या. बोस्टनच्या संस्थेनं दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी त्याच सुमाराला संपत आली होती. पैसा कुठून येणार ठाऊक नाही आणि पानावर बसणारी तोंडं वाढलेली. त्यांनी गुडघे टेकले, हे खरंच. पण गुडघे टेकून उठल्यावर केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना घातला. त्यांचं देवावर विसंबणं किती खोल होतं ते बघायचं तर मला आधी त्या विहिरी आठवतात. 1921 ला मनोरमा गेली, एकुलती एक लेक. त्यानंतरही मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, भाषांतर 1924 ला छापून निघालं.

आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. 1917 ला त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा मेळ, उभा करायला निघाले. आपण त्यांची भजनं गातो, डोळे मिटून गातो. मी मात्र ती गाताना हटकून त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, विचार करते. टिळकांनी हातचं देऊन टाकायचं आणि घरातल्या डब्यात काय आहे ते लक्ष्मीबाईंनी बघायचं. देवाच्या सामर्थ्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक पाळकामागे डबे उघडून बघणारी एक बाई असते. तिला तुम्ही पाळकबाई म्हणता, महिला मंडळ तिनं चालवायचं, संडे स्कूल तिनं घ्यायचं, नाताळला दीडशे माणसांचा चहा तिनं करायचा, आणि कोणत्याही बजेटात तिच्या नावाची ओळ नाही. असो. हा माझा जुना राग आहे, त्यावर वेगळं पत्र होईल.

आता वचनाचं बोलते. आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात वचनाचं कॅलेंडर असतं, आणि त्यावर कधी ना कधी फिलिप्पैकरांस 4:13 येतंच. जो मला सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करायला शक्तिमान आहे. आमच्या पाचव्या बंगल्यात हे वचन फ्रेम करून लावलेलं होतं, आधीच्या पाळकांनी ठेवून गेलेलं. फ्रेमच्या मागे भिंतीला ओल होती. मी रोज ते वचन वाचायची आणि एक दिवस, पगार थकलेला असताना, सहज पुढचं वचन काय आहे ते बघितलं. इतकी वर्षं बघितलं नव्हतं. चौदाव्या वचनात पौल म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. आणि त्याच्याही पुढे: मी थेस्सलनीकात होतो तेव्हाही तुम्ही माझ्या गरजेसाठी एकदा नाही, दोनदा पाठवलंत.

म्हणजे ज्या माणसानं “मी सर्व काही करू शकतो” असं तुरुंगातून लिहिलं, त्यानं ते मदत मिळाल्याची पोच देताना लिहिलं. ते आभाराचं पत्र आहे. फिलिप्पीच्या मंडळीनं आपला माणूस एपफ्रदीत याच्या हाती पाठवलेलं पोचलं होतं, आणि ते पोचवता पोचवता एपफ्रदीत मरता मरता वाचला होता. तेरावं वचन पौलानं स्वतःबद्दल म्हटलं, चौदावं मंडळीबद्दल. आपल्या कॅलेंडरवाल्यांनी मंडळीचं वचन कापून टाकलं आणि पाळकाचं तेवढं भिंतीवर लावलं.

कमिटीच्या सभासदांनी नहेम्याचा तेरावा अध्यायही वाचावा, दहाव्या वचनापासून. यरुशलेमचा सुभेदार नहेम्या परत येऊन बघतो तर मंदिरात सेवा करणारे लेवी नाहीत, गाणारे नाहीत. त्यांचे वाटे त्यांना मिळाले नव्हते, म्हणून ते सगळे आपापल्या शेतांवर निघून गेले होते. आता नहेम्या कोणाला बोलला? शेतात गेलेल्या लेव्यांना? तुमचा विश्वास कमी पडला, असं? नाही. तो अधिकाऱ्यांशी भांडला. देवाचं मंदिर असं का टाकून दिलंत, हा सवाल त्यानं कमिटीला केला. मग लोकांनी धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा दशमांश आणला, आणि नहेम्यानं कोठारांवर विश्वासू माणसं नेमली. खजिनदारसाहेब, बायबलमध्ये तुमच्या कामाचा इतका स्वच्छ उल्लेख फार ठिकाणी नाही.

आज कितीतरी तरुण पाळक शेतात गेलेत. कोणी रविवार सोडून आठवडाभर कुरिअर वाटतो, कोणाची बायको शिवणकामावर घर चालवते. त्यांना मी दोष देत नाही. तंबू पौलानंही शिवले. पण पौलानं शिवले ते स्वतः ठरवून. आणि मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको, हे नियमशास्त्रातलं वाक्य करिंथकरांना आठवणीनं लिहून पाठवणाराही तोच. आपण शेतकरी माणसं, मुसकं म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगायला नको.

तुम्हीही गरीब आहात, हे मला कळतं. दोन वर्षं पाऊस नाही झाला तर हंगामाच्या सणाला वेदीपुढे काय येतं ते मी पाहिलंय. एका वर्षी सगळं मिळून अडीच पोती बाजरी, काही अंडी आणि एक कोंबडी एवढंच होतं. लिलाव झाला तेव्हा एकाच कोंबडीवर तिघातिघांनी बोली लावली आणि शेवटी घेणाऱ्यानं ती परत अर्पण केली, पुन्हा लिलाव करा म्हणाला. तीन वेळा विकली गेली ती कोंबडी. त्या वर्षी आमचा पगार थकला, पण आम्हाला एकटं वाटलं नाही. एक म्हातारी, नवरा नाही, मुलगा नाही, रोजानं खुरपायला जाणारी, दर शनिवारी मापटंभर बाजरी घेऊन यायची. आत यायची नाही. पडवीत डब्यात ओतायची, मापट्याच्या बुडाला थाप मारून शेवटचा दाणाही पाडायची आणि जायची. तिनं मला “प्रभू पाहील” असं एकदाही म्हटलं नाही. बोलायचीच फार कमी. ती गेली त्या दिवशी यांनी तिच्या मातीच्या उपासनेत उपदेश केला नाही, डबाच नेऊन ठेवला शवपेटीपाशी.

तेव्हा पैशाची गोष्ट नाही करत मी. थकला तर थकला. पण थकला हे महिन्याच्या पाच तारखेला पाळकाच्या दारी येऊन सांगा, त्याच्या बायकोला सभेच्या दारात उभं राहायला लावू नका. बदल्या करायच्या तर मे महिन्यात करा. आमच्या थोरल्याची सातवी तीन शाळांत झाली. महिन्यातला एक रविवार पाळकाला मागच्या बाकावर बसू द्या, उपदेश तुमच्यातला कोणी करील. तरुण संघात बोलायची हौस असलेले पुष्कळ आहेत. पाळक आजारी पडला तर त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करा, आणि प्रार्थना करून झाल्यावर त्याला दवाखान्यात नेणारी गाडी कोणाची, तेही त्याच सभेत ठरवा. आणि तो कधी म्हणाला की मला प्रार्थना येईना, तर घाबरू नका. त्याच्याजवळ बसून तुम्ही म्हणा. तुम्हाला पाठ आहे.

आमचे हे आता बरे आहेत. गोळ्या दोन वर्षांनी डॉक्टरांनीच बंद केल्या. सकाळी अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालतात, कोणी बोलावलं तर उपदेशाला जातात. हे पत्र त्यांनी वाचलं. फडक्याचं राहू दे म्हणाले, बाकी जरा मवाळ कर. मी मवाळ केलेलं नाही.

ज्या पॅस्टोरेटवरून हे सुरू झालं तिथल्या बंधूंना वेगळं सांगते. तुमची पुढची सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर आहे, मला ठाऊक आहे. मी येणार आहे. यावेळी पाहुणी म्हणून नाही, मागे बाकावर बसेन. माझा पुतण्या पत्र्याचं काम करतो, त्याला मी छप्पर दाखवून आणलंय. तीन पत्रे आणि एक वासा बदलावा लागेल, मजुरी तो घेणार नाही. पत्र्यांचा आकडा चिठ्ठीवर लिहून आणते. अजेंड्यावर पहिला विषय तेवढा घाला, आणि पाळकबाईंना त्या वेळी आत खुर्ची द्या.

प्रभूमध्ये तुमची बहीण,
एक रिटायर्ड पाळकबाई